बाजेवरची नोकरी

"नाई दिसून राहिला ना आई! नितेशभाऊचा दिसते, माहाच नाई दिसत."

"मंग नितेशचाच घे ना वं."

"त्याले पासवर्ड रायते."

"मंग माग त्याले. आपन त्याच्या घरी ताक देतो, कढीपत्ता देतो, मागच्या साली लोणच्याची बरनी देली…"

"आई, ते सोड. फोन कुठं ठेवला ते सांग."

"ठेवला ना बाहीर. तूच म्हटलं होतं, बाहीर रेंज भेटते. ठेवला बाहीर."

हे बोलणं चाललं होतं दाराला लावलेल्या जुन्या लुगड्याच्या पडद्यातून. पडद्याच्या आत बाजेवर आकांक्षा, मांडीवर उशी अन् उशीवर लॅपटॉप. पडद्याच्या बाहेर तिची माय कौशल्याबाई, दोन्ही हात कोपरापर्यंत बेसनात. दिवस वैशाखाचे. नांदगाव खंडेश्वरापासून आतल्या अंगाला आमचं गाव. इथं या दिवसांत सकाळच्या चहाची कपबशी धुईपर्यंत अंगणातली माती तळपायाला चटका द्यायला लागते. अन् आकांक्षाच्या खोलीची खिडकी तरटानं झाकलेली, फटीत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली शेगडी, शेगडीत गोवरीचा निखारा अन् त्यावर ओवा टाकलेला. छताला पंखा होता, पण त्याच्या बटनावर कौशल्याबाईनं चिकटपट्टी मारून ठेवली होती. बाळंतिणीला वारं लागते.

बाळंतपण पहिलं, म्हणून माहेरी. आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर पाय टाकत नाही. त्या खोलीला मोरी लागूनच होती, तेव्हा तेवढ्यासाठीही बाहेर निघायचं कारण उरलं नव्हतं. निम्मा सव्वा महिना उलटला होता, निम्मा बाकी होता. बाहेर कोण आलं, कोण गेलं, कुत्रं कोणावर भुंकलं, हे आकांक्षाला पडद्याच्या खालच्या फटीतून पावलं पाहून समजायचं. गावातल्या सगळ्यांच्या टाचा तिला पाठ झाल्या होत्या.

पाळण्यात पोरगी. वजन कमी भरलं म्हणून अमरावतीच्या दवाखान्यात तिला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ती काचेतून निघाली तेव्हापासून कौशल्याबाई तिच्याकडं अशी पाहायची, जसं कोणी येईन अन् आमची वस्तू द्या म्हणून परत घेऊन जाईन.

आकांक्षा ही वामनरावाची एकुलती पोरगी. वामनरावाचं काळं रान, सोयाबीन अन् तूर, माणूस बोलायला कमी. पोरगी मात्र तोंडाची चुरचुरीत. गावातून एसटीनं अमरावतीला कॉलेजात गेली, टायपिंग शिकली, पोरं मागं बसून गाणं म्हणायला लागली तं वळून दुसरं कडवं विचारायची. लग्न झालं अंकुरसोबत. त्याचं घर धामणगाव रेल्वेचं, नोकरी अकोल्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये. म्हणून अकोल्यात एक रूम अन् किचन भाड्यानं घेतलं होतं. तिथंच एका एक्स-रे सेंटरमध्ये आकांक्षाला काम भेटलं. डॉक्टर एक्स-रे पाहून पाहून मोबाईलमध्ये बोलून ठेवणार, अन् हिनं ते ऐकून रिपोर्ट टाईप करायचा. डॉक्टर बोलायचे नाकातून. नव्या माणसाला वाटायचं, भांडून राहिले.

नोकरी तिला आवडायची. पण खरं सांगायचं तं टायपिंगपेक्षा तिला आवडायचा घरी जायचा रस्ता. सांजच्याला सेंटरचं शटर अर्धं खाली आलं की ती निघायची, अन् ऑटो न करता रूमवर पायी जायची. वाटेत कुठं उसाचा रस, कुठं उभ्या उभ्या कचोरी. कधी कपड्याच्या दुकानासमोर उगीच थांबायची. गावात ती वामनरावाची पोरगी, धामणगावात ती मोठ्या घरची सून. त्या रस्त्यावर तिला 'कोनाची वं तू?' असं कोणी विचारत नव्हतं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं आहे तरी काय? माणूस रस्त्यानं चालते, कचोरी खाते, घरी जाते.

धामणगावच्या सासूचं म्हणणं लग्नापासून एकच होतं. दोन घरं काहून करायची? अंकुर शनिवारी येईन, सोमवारी जाईन, सून घरी राहीन. त्यावर आकांक्षाजवळ एकच ढाल होती, नोकरी. नोकरी होती म्हणून रूम होती. नोकरी गेली असती तं रूम कशासाठी, हे सासूनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

अन् नोकरी तं आता अर्धी गेल्यासारखीच होती. तिच्या खुर्चीवर डॉक्टरांनी हर्षा नावाच्या पोरीला बसवलं होतं. हर्षाचं टायपिंग कच्चं, पण ती रोज हजर असायची. आकांक्षानं डॉक्टरांना फोनवर विनवलं, सर, मी इकडून टाईप करून पाठवते, माझी जागा देऊ नका कोणाला. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी करून दाखव. मी जेवायला उठायच्या आत सकाळचे रिपोर्ट माझ्या टेबलावर पाहिजेत. आले तर जागा तुझी. नाही आले तर मी हर्षाला पक्कं करतो. पेशंटला मी बसवून ठेवू शकत नाही."

आज तो सोमवार होता.

लॅपटॉप अंकुरच्या कॉलेजच्या वेळचा. बटनं पांढरी पडलेली, पण चालायचा. फोन मात्र नवाकोरा, पोरगी झाली म्हणून अंकुरनं हौसेनं घेऊन दिलेला. खोलीत रेंज नाही. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खिडकीला तरट, तिथं रेंज कुठून शिरणार? ओसरीत मात्र दोन कांड्या दिसायच्या. म्हणून तिनं हिशेब असा बसवला होता की फोन राहीन ओसरीत, त्याचा हॉटस्पॉट चालू राहीन, अन् लॅपटॉप आत बाजेवर बसून त्याचं नेट घेईन. हिशेबात काही चूक नव्हती. फक्त लॅपटॉपला फोन दिसत नव्हता. यादीत एकच नाव येऊन राहिलं होतं, 'नितेश वाइंडिंग वर्क्स'. नितेश म्हणजे शेजारचा, जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणारा.

"आन तो फोन इकडं," आकांक्षा म्हणाली.

"आत? लेकराच्या जवय?"

"लेकरू पायन्यात हाय, मी बाजीवर हावो. आन."

कौशल्याबाईनं हात पुसले अन् फोन पडद्याखालून असा सरकवला, जसं गरम भांडं सरकवते. आकांक्षानं पाहिलं, हॉटस्पॉट चालूच होता. बंद केला, पुन्हा चालू केला. फोन बंद करून उघडला. लॅपटॉप बंद करून उघडला, त्याला उघडायला एवढा वेळ लागला की तेवढ्यात पोरगी उठली, पिली अन् झोपली. हॉटस्पॉटचं नाव बदलून पाहिलं. शेवटी फोन लॅपटॉपला चिकटवून ठेवला, नाकाला नाक लावून. तरी लॅपटॉप त्याला ओळख देईना. यादीत आपला नितेश वाइंडिंग वर्क्स.

पदरानं मानेचा घाम पुसून तिनं आवाज दिला, "बावा, नितेशभाऊले बोलवा."

वामनराव ओसरीत दावं वळत बसला होता. तो उठला, कुंपणावरून हाक मारली अन् पुन्हा येऊन दावं वळायला बसला.

नितेश आला. चाळिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप, हाताला वार्निशचा वास. थेट पडद्यापर्यंत आला अन् तिथं कौशल्याबाई आडवी आली.

"थांब तिथंच."

"काकू, मशीन तं पाहू द्या."

"बाप्या मानूस आत जात नाई. अन् खोलीतली वस्तू सव्वा महिना बाहीर येत नाई."

"मंग मी काय भिंतीले कान लावून सांगू?"

"इथूनच सांग. डॉक्टर नाई का फोनवर सांगत, ही गोयी घ्या, ती घ्या."

नितेश पडद्याकडं तोंड करून उकिडवा बसला. "काय झालं वं आकांक्षा? जयला का? धूर निघाला का?"

"जयला नाई भाऊ. हॉटस्पॉट दिसत नाई."

"वायफायचं बटन चालू हाय का?"

"चालू हाय. तुमचं नाव दिसून राहिलं ना."

"माहं दिसते?" नितेशला बरं वाटलं. "पूरं दिसते?"

"पूरं. वर्क्ससगट."

"म्हणजे लॅपटॉप आंधया नाई. खोट फोनात हाय. फोन दे. काकू, फोन तं बाहीर येते ना?"

"फोन बाहीरचाच हाय," कौशल्याबाई म्हणाली. तिचा कायदा तयार असायचा.

नितेशनं एका हातात आपला फोन धरला, एका हातात तिचा, अन् दोन्हीच्या सेटिंग शेजारीशेजारी उघडून एक एक ओळ जुळवत बसला. मोटरचं तेच, तो म्हणायचा, चांगली मोटर समोर ठेवायची अन् बिघडलेली तिच्यासारखी करत आणायची. मधे मधे विचारून राहिला, "आता?" आतून उत्तर यायचं, "नाई." "आता?" "नाई ना भाऊ." वामनरावानं दाव्याचा पीळ थांबवून एकदा वर पाहिलं, पुन्हा वळायला लागला.

"हे पाह्य," नितेश म्हणाला, "माह्या फोनात लिवलं दोन पॉईंट चार, अन् याच्यात लिवलं पाच. लॅपटॉप कवाचा हाय?"

"त्याईच्या कॉलेजचा."

"झालं मंग. हा नवा फोन पाचवर बोलून राहिला, अन् जावयाच्या त्या बुढ्या लॅपटॉपले दोन पॉईंट चारच्या वरतं ऐकू येत नाई. बुढ्यासंग बारीक आवाजात बोललं तं त्याले काय समजन? थांब, याचा आवाज जाडा करतो."

त्यानं बोट दाबलं. आतून आकांक्षा किंचाळलीच. "आलं! आलं भाऊ!"

"हळू वं, लेकरू झोपलं," कौशल्याबाई.

यादीत तिचं नाव आलं होतं. तिनं पासवर्ड टाकला, जोडलं गेलं, मेल उघडायला लागली. नितेशनं फोन कौशल्याबाईच्या हाती दिला. "ओसरीतच ठेवजा काकू. हालवू नका."

"चाय घे ना रे."

"नको, मोटर उघडी टाकून आलो." अन् त्याच्या टाचा पडद्याच्या फटीसमोरून निघून गेल्या.

डॉक्टरांच्या आवाजाच्या फायली उतरायला लागल्या. पहिली उतरली. दुसरी अर्धी उतरली अन् तिथंच थांबली. गोल चक्र फिरत राहिलं. आकांक्षानं यादी उघडली. तिचं नाव गायब. नितेश वाइंडिंग वर्क्स.

"आई! फोन हालवला का?"

"नाई ना वं."

"कुठं हाय?"

"ओसरीतच हाय."

"आन बरं इकडं."

फोन पडद्याखालून आत आला. लॅपटॉपला दिसला. पण आत रेंज नाही, म्हणून नेट नाही. फोन बाहेर पाठवला. क्षणभर दिसला अन् गेला. पुन्हा आत मागवला, पुन्हा दिसला, पुन्हा बाहेर पाठवला, पुन्हा गेला. आता तिचं डोकं चालेना. उन्हानं फोन तापून बंद पडून राहिला का? लॅपटॉप खरंच मरायला आला का? का भिंतच आडवी येते? पण मघाशी नितेशभाऊ ओसरीतच बसला होता, तवा कशी नाही आली भिंत आडवी?

"बावा, तुमच्या फोनवरून माह्या फोनवर लावून पाहा."

वामनरावाचा फोन बटनांचा. त्यानं लावला, कानाला धरला. "बाई म्हणते, क्षेत्राच्या बाहीर हाय."

"ओसरीत असून क्षेत्राच्या बाहीर कसा काय?"

"मले काय माहीत? मी बी ओसरीतच हावो. माहा लागते."

सकाळ अशी गळत चालली होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ आकांक्षा पाहायची नाही म्हणायची अन् पाहायची. अकोल्यात आता डॉक्टर एक्स-रेच्या फिल्मा लाईटसमोर धरून बसले असतीन. दाराशी हर्षा असंन. सर, नाही आलं काही. बरं, तू कर मग.

ती बाजेवरून उठली. टाके ओढून राहिले होते तरी उठली अन् उंबरठ्याशी जाऊन पडदा हातात धरला. ओसरी तीन पावलांवर. जायचं, फोन पाहायचा, परत यायचं. कोण काय करणार होतं? पण त्याच पडद्यापाशी कौशल्याबाईनं तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हे लेकरू काचेतून वापस आलं हाय, तू उंबरठा वलांडला अन् त्याले काई झालं तं ते तुह्यावर. आकांक्षाचा असल्या गोष्टीवर विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं अन् पाऊल टाकून पाहणं वेगळं. पाळण्यात पोरगीनं तोंड हलवलं, झोपेतच. आकांक्षानं पडदा सोडला अन् पुन्हा बाजेवर येऊन बसली.

तेवढ्यात कुठंतरी गाणं वाजायला लागलं. लांबून, विहिरीत कोणी रेडिओ सोडावा तसं. आकांक्षानं कान दिला. हे तिच्या फोनचं गाणं होतं. पोरीला दवाखान्यातून औषधाचे थेंब द्यायला सांगितले होते, त्याची आठवण म्हणून तिनं फोनला गजर लावून ठेवला होता. गजराला रेंज लागत नाही.

बाहेर वामनराव म्हणाला, "कोठीत काय वाजून राहिलं वं?"

"काई नाई, काई नाई, तुमी बसा," कौशल्याबाईच्या टाचा पळत पळत ओसरीच्या कोपऱ्यात गेल्या. पण वामनराव जवळ होता. धान्याच्या टिनाच्या कोठीचं झाकण निघाल्याचा आवाज आला अन् गाणं एकदम मोठं झालं.

"तुरीत फोन हाय," वामनराव म्हणाला. त्याच्या आवाजात ना राग ना हसू. तुरीत सोंडा किडा निघाला असता तरी तो असाच बोलला असता.

आकांक्षाच्या ध्यानात आलं. 

"आई! तू फोन कोठीत ठेवून राहिली होती?"

"तं कुठं ठेवू?"

"तू म्हटलं ओसरीत हाय!"

"कोठी ओसरीतच हाय ना. मी काय खोटं बोलली?"

"अवं पन काऊन?"

मग पडद्याबाहेरून खरं काय ते निघालं. रोज पहाटे पोरीला अन् आकांक्षाला चोळायला येते ती पार्बताबाई, तिनं सांगितलं होतं. फोनातून लहरी निघतात अन् ल्हान्या लेकराच्या टाळूवर पडतात. टाळू भरलेली नसते, सरळ आत जातात.

"तुले सांगतलं असतं तं तू माह्यावर खेकसली असती," कौशल्याबाई म्हणाली. "म्हणून मी कोनाले नाई सांगतलं. हातात आला की नेऊन कोठीत टाकला अन् झाकण लावलं. टिन जाड हाय. म्हटलं, लहरी बाहीर येनार नाई."

"नाई आल्या ना!" आकांक्षा ओरडली. "एक बी नाई आली! सकायपासून एक लहर बाहीर नाई येऊ देली तू!"

"मंग चांगलंच झालं ना."

"आई, मले त्याच लहरी पाह्यजे होत्या!"

 कौशल्याबाई हळूच म्हणाली, "मले काय माहीत? तू म्हटलं नेट येते. मले वाटलं, नेट येगळं अन् लहरी येगळ्या."

आकांक्षानं उशीत तोंड घातलं. हसून राहिली का रडून राहिली, बाहेर समजलं नाही, अन् तिलाही नीट समजलं नसेल. तोंड वर काढलं तेव्हा म्हणाली, "आई, हे काम आज झालं नाई तं माही नोकरी जाते. नोकरी गेली की अकोला गेलं. समजते का तुले?"

"समजते. अन् लेकरू काचेत होतं, हे तुले समजते का?"

 मार्ग काढला वामनरावानं. दावं खाली ठेवून स्वयंपाकघरात गेला, भाकरीचं पीठ मळायची मोठी पितळी परात घेऊन आला अन् पडद्याखालून आत सरकवली. "ही पायन्याच्या आडवी लाव. टिनातून येत नाई, तं पितळातून कशी येईन?"

आकांक्षानं परात पाळण्याच्या पायाला टेकवून उभी केली. कौशल्याबाईनं पडदा बाजूला करून पाहिलं, म्हणाली, थोडी डावीकडं, अजून थोडी. मग तिनं स्वतःच्या हातानं फोन ओसरीतल्या कोनाड्यात ठेवला, उघडा. अन् अंगण झाडायचं सोडून त्याच्याजवळ राखण केल्यासारखी उभी राहिली.

नाव आलं. राहिलं. फायली उतरल्या.

मग आकांक्षानं जे टाईप केलं, तसं तिनं कधी केलं नव्हतं. घाम नाकावरून टपकून बटनांवर पडून राहिला होता. शेगडीचा धूर डोळ्यांत जाऊन राहिला होता. पोरगी एकदा रडली, तिला मांडीवर घेऊन एका हातानं पाजलं अन् दुसऱ्या हातानं टाईप करत राहिली. कोणाची छाती, कोणाचा गुडघा, कोणाच्या कमरेचे मणके. शेवटचा रिपोर्ट गेला तेव्हा तिनं लॅपटॉपवरच डॉक्टरांना लिहिलं, सर, सगळे पाठवले. अन् पाठ भिंतीला टेकवून बसली.

डॉक्टर जेवायला उठले नव्हते. उत्तर आलं, बोललेलं. तिनं लावलं. नाकातला तोच आवाज.

"छान. एकही चूक नाही. मी काय म्हणतो, हे चांगलंच जमलं. इथे तुझ्यासाठी खुर्ची अडवून ठेवायची गरजच नाही. खुर्ची हर्षाला देऊ, ती काउंटर सांभाळेल. टायपिंग तू तिकडूनच करत जा, कायमचं. पगार तोच. लहान बाळ आहे, तुलाही बरं. मी अंकुरशी बोललो आहे."

तिनं ते पुन्हा लावलं. दुसऱ्यांदाही तेच होतं.

कोनाड्यातला फोन वाजायला लागला. "जावयाचा हाय," कौशल्याबाई म्हणाली. आत आणला असता तं रेंज गेली असती. म्हणून वामनरावानं फोन मोठ्या आवाजात लावून पडद्याशी धरला.

"आकांक्षा! डॉक्टरचा फोन आला होता मले. लय मस्त झालं!" अंकुरच्या मागं शोरूमचा गलका. "आता तं काई टेन्शनच नाई. तुही नोकरी बी राहिली अन् घर बी. आईले सांगतलं, आई तं नाचून राहिली. धामणगावले टावर आपल्या घराच्या समोरच हाय, रेंज फुल भेटते. सव्वा महिना झाला की सरय धामणगावले. रूम मी महिन्याच्या आखरीले सोडून देतो."

"रूम राहू द्या," आकांक्षा म्हणाली.

"काऊन?"

"राहू द्या."

"अवं पन काऊन? मी एकटा मित्रासंग राहीन. रूम कोनासाठी ठेवू?"

पडद्याच्या पलीकडं बापाचा हात फोन धरून होता. त्याच्या शेजारी मायच्या टाचा. सांजच्याला पायी चालायला अन् उभ्यानं कचोरी खायला रूम ठेवा, हे तिला त्या हातातून पलीकडं पाठवायचं होतं. तोंड उघडलं, अन् त्यातून निघालं ते एवढंच, "मी आल्यावर बोलू."

"आल्यावर म्हणजे धामणगावलेच बोलू ना. बरं, गिऱ्हाईक आलं, ठेवतो. पोरीची पापी घेजो."

फोन बंद झाला. वामनरावानं तो कोनाड्यात ठेवला.

"देव पावला वं माय," कौशल्याबाई म्हणाली. खरंच खूश होती ती. "घरात बसल्या बसल्या पगार. लेकराले सोडून जानं नाई, उन्हातानाचं येनं नाई. अशी नोकरी कोनाले भेटते?"

आकांक्षानं लॅपटॉपकडं पाहिलं. वरच्या कोपऱ्यात नेटची खूण पूर्ण भरलेली होती. ती खूण आली नसती तं डॉक्टरांनी हर्षाला पक्कं केलं असतं अन् अकोला सुटलं असतं. ती आली, म्हणून अकोला सुटून राहिलं होतं. सकाळपासून तिनं हेच धरून ओढलं होतं. तिचं बोट त्या खुणेवर गेलं. एकदा दाबलं की तुटते. तुटलं की नोकरीही गेली अन् धामणगाव तं कुठं जात नाही. थोडा वेळ बोट तिथंच राहिलं. मग तिनं ते उचललं.

"काय झालं वं?" वामनरावानं बाहेरून विचारलं. सकाळपासून त्यानं स्वतःहून तिला विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

"काई नाई बावा."

तो उभाच राहिला पडद्यापाशी. त्याच्या टाचा दिसून राहिल्या होत्या. भेगाळलेल्या, काळी माती भरलेल्या. मग त्या वळल्या अन् दाव्याकडं गेल्या.

लॅपटॉप टुणकन वाजला. दुपारच्या फायली आल्या होत्या, सकाळपेक्षा जास्त. हर्षाला आता टायपिंग राहिलं नव्हतं ना. सोबत डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'हे संध्याकाळपर्यंत.'

आकांक्षानं पोरीला पाळण्यात ठेवलं, उशी मांडीवर सरळ केली अन् पहिली फाईल लावली. पेशंट बाई, वय साठच्या वर, घरात पाय घसरून पडली. उजवा खुबा. तिनं टाईप केलं, हाड जागेवर आहे, तडा नाही, अन् खालची ओळ ऐकायला लागली.